लातूरच्या लॅबमध्ये लिनक्स कर्नलचं फझिंग : अर्जापासून दुरुस्तीपर्यंत

ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यावर, म्हणजे कर्नलवर, सतत वेडावाकडा डेटा मारायचा आणि ती कुठे कोसळते ते पाहायचं, याला कर्नलचं फझिंग म्हणतात. क्रॅश मिळवणं त्यात फार अवघड नाही. कस लागतो तो त्यानंतर. तोच क्रॅश पुन्हा घडवावा लागतो, आपल्याच मशीनच्या दोषामुळे तो झालेला नाही याची खात्री करावी लागते, आणि ज्यांचा कोड आहे त्यांच्या हातात तो वापरण्याजोग्या रूपात द्यावा लागतो. लातूरच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या लॅबमध्ये फेब्रुवारी ते सप्टेंबर २०२४ या काळात हे सगळं पार पडलं. नांदेड, परभणी, बीड, धाराशिव, कुठल्याही कॉलेजात एखाद-दोन जुनी मशीन आणि रात्रीची परवानगी मिळत असेल, तर हे जमू शकतं. म्हणून सगळा क्रम लिहून ठेवत आहोत, कागदपत्रांसकट.

सुरुवात अर्जानं झाली. अर्जात ‘क्रॅश’ हा शब्द दिसला की कार्यालयातून पहिला प्रश्न येतो, कॉलेजचे संगणक बिघडतील का? त्याचं उत्तर अर्जातच असू द्या. चाचणी फक्त आभासी मशीनमध्ये, म्हणजे संगणकाच्या आत सॉफ्टवेअरनं उभ्या केलेल्या दुसऱ्या संगणकात, होईल, त्या मशीनला कॉलेजच्या नेटवर्कवर जागा नसेल, आणि कोसळेल ते आभासी मशीन, खालचा संगणक चालूच राहील, असं स्पष्ट लिहा. दुसरा प्रश्न विजेचा. पूर्ण भारावर चाललेला एक डेस्कटॉप साधारण १५० वॅट खातो, म्हणजे चोवीस तासांत ३.६ युनिट. युनिटला १० रुपये धरले तरी दिवसाला ३६ रुपये. हा हिशोब अर्जातच मांडलेला असल्यामुळे विभागप्रमुखांची सही लवकर मिळाली. प्राचार्यांच्या सहीला मात्र वेळ लागला, कारण रात्री लॅब बंद ठेवून आत मशीन चालू ठेवायची तर सुरक्षा रक्षकांच्या नोंदवहीतही तशी नोंद हवी. त्यासाठी वेगळं पत्र द्यावं लागलं. दोन्ही पत्रं एकदमच दिली असती तरी चाललं असतं. तुम्ही तसंच करा.

मार्चमध्ये खरेदी. लॅबमधली मशीन चार कोर, आठ थ्रेड आणि १६ जीबी रॅमची होती. एका आभासी मशीनला २ जीबी लागते, अशी चार म्हणजे ८ जीबी. शिवाय फझरचा मुख्य प्रोग्रॅम स्वतः काही जीबी घेतो, कारण त्याला डीबग माहितीसह पूर्ण कर्नल वाचून ठेवावा लागतो. १६ जीबीत हे कसंबसं बसतं, आणि कसंबसं बसलेलं रात्री दोनला मोडतं. म्हणून १६ जीबीची आणखी एक डीडीआर४ स्टिक आणि ५०० जीबीची एनव्हीएमई डिस्क घेतली. दोन्ही मिळून सात हजारांच्या आत भागलं. कार्यपद्धत नेहमीचीच. तीन कोटेशन, तुलनात्मक तक्ता, जीएसटीचं बिल आणि डेड स्टॉक रजिस्टरमध्ये नोंद. आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपतं, त्यामुळे बिल त्याआधीच्या तारखेचं असलं पाहिजे. नाहीतर तोच प्रस्ताव नव्या वर्षात पुन्हा फिरतो. ६०० व्हीएचा यूपीएस लॅबमध्ये होताच. मशीन नीट बंद करण्याइतकी दहा-पंधरा मिनिटं तो देतो आणि त्याहून जास्त अपेक्षा त्याच्याकडून ठेवायची नाही.

रॅम बसवल्याबरोबर फझिंग सुरू करू नका. आधी मेमटेस्ट८६+ हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम रात्रभर चालवा. फझर दिवसरात्र मेमरीवर ताण देतो, आणि एखादा बिट जरी आपोआप उलटला तरी कर्नल अशा ठिकाणी कोसळतो की तो दोष खरा वाटतो. असा अहवाल कर्नलच्या लोकांना पाठवला तर त्यांचा वेळ वाया जातो आणि पुढचा अहवाल कुणी गंभीरपणे घेत नाही. आमच्याकडच्या जुन्या दोन स्टिकपैकी एकीनं चुका दाखवल्या. ती काढून टाकली. खालच्या संगणकाच्या डीमेसेजमध्ये, म्हणजे त्याच्या कर्नलच्या नोंदींमध्ये, ‘मशीन चेक’ अशी हार्डवेअरच्या चुकीची ओळ दिसते का, हेही अधूनमधून बघत जा.

मोठ्या साधनाकडे जाण्यापूर्वी एप्रिलच्या सुरुवातीला निव्वळ यादृच्छिक डेटा किती पुढे जातो ते पाहिलं. या कल्पनेला इतिहास आहे. १९८८ मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठात बार्टन मिलर वादळी रात्री टेलिफोन लाइनवरून काम करत होते. लाइनवरच्या खरखरीमुळे घुसलेल्या फालतू अक्षरांनी युनिक्सचे साधे प्रोग्रॅम कोसळत होते. त्यावरून त्यांनी विद्यार्थ्यांना प्रकल्प दिला. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात युनिक्सच्या सुमारे नव्वद प्रोग्रॅमांपैकी पाव ते एक तृतीयांश प्रोग्रॅम अशा डेटानं कोसळले किंवा अडकून पडले होते. पुढे १९९१ मध्ये जॉर्ज कॅरेट यांचा क्रॅशमी आला. तो यादृच्छिक बाइट्स चक्क कोड म्हणून चालवायचा.

कर्नलवर हीच युक्ती थेट लावली की काय होतं, ते स्वतःच्या डोळ्यांनी बघण्यासारखं आहे. चाळीसेक ओळींचा सी प्रोग्रॅम पुरतो. सिस्टिम कॉलचा, म्हणजे प्रोग्रॅमनं कर्नलकडे केलेल्या मागणीचा, क्रमांक यादृच्छिक, सहाही आर्ग्युमेंट यादृच्छिक. आभासी मशीनमध्ये चालवला आणि कॉलांची नोंद ठेवणाऱ्या एस्ट्रेसनं मोजदाद घेतली, तर जवळजवळ सगळे कॉल चुकीचा फाइल डिस्क्रिप्टर (उघड्या फाइलीचा क्रमांक), चुकीचा पत्ता किंवा चुकीचं आर्ग्युमेंट असा शेरा घेऊन दारातूनच परत येतात. त्यातच क्रमांक ६० किंवा २३१ निघाला की प्रोग्रॅम स्वतःच संपतो, ३४ निघाला की कायमचा थांबून राहतो. म्हणून हे क्रमांक आधीच वगळावे लागतात. डेटाचं तसंच. ईएक्सटी४ फाइल सिस्टिमच्या सुपरब्लॉकमध्ये (तिची मूळ माहिती ठेवणाऱ्या भागात) १६ बिटांचा ठरावीक आकडा असतो; तो अंदाजानं जुळायची शक्यता ६५,५३६ मध्ये एक. ३२ बिटांचा आकडा असेल तर ४२९ कोटींत एक. एवढ्या पहिल्या कडीपाशीच सगळी रात्र जाते, आत काय आहे ते दिसतच नाही. एक सूचना कळकळीची: हा प्रयोग रूट म्हणून स्वतःच्या खऱ्या मशीनवर कधीही करू नका. एखादा आयओकंट्रोल, म्हणजे उपकरणाला थेट हुकूम देणारा, कॉल डिस्कवर काय करील याचा नेम नसतो.

या अडचणीवर दोन पायऱ्यांत उत्तर मिळालं आहे. डेव्ह जोन्स यांच्या ट्रिनिटीनं पहिली पायरी चढली. कुठल्या कॉलला कुठल्या प्रकारचं आर्ग्युमेंट लागतं हे त्याला ठाऊक असतं, त्यामुळे डिस्क्रिप्टरच्या जागी तो खरा डिस्क्रिप्टर देतो. दुसरी पायरी गूगलमधल्या दिमित्री व्ह्यूकोव्ह यांच्या सीझकॉलरची, २०१५ पासूनची. त्याच्याकडे प्रत्येक कॉलचं वर्णन असतं, आणि शिवाय आपला प्रोग्रॅम कर्नलच्या कुठल्या भागापर्यंत पोचला हे त्याला कळतं. ते कळतं केकोव्हमुळे. कंपायलर कर्नलच्या प्रत्येक मूलभूत खंडात एक छोटा कॉल घालतो आणि त्यातून वाटचालीची नोंद होते. ही सोय कर्नल ४.६ पासून आहे. नव्या जागी पोचलेला प्रोग्रॅम सीझकॉलर आपल्या संग्रहात, म्हणजे कॉर्पसमध्ये, ठेवतो, बाकीचे उफणणीतल्या भुशासारखे उडून जातात. मग ठेवलेल्यात थोडे बदल करून पुन्हा मारा. यादृच्छिकता तीच असते, फक्त तिला आता दिशा मिळालेली असते.

एप्रिलचा बराचसा वेळ उभारणीत गेला. कर्नलचा पूर्ण गिट इतिहास काही जीबींचा आहे. कॉलेजचं नेट मध्येच तुटलं की गिट क्लोन पहिल्यापासून सुरू होतं, कारण त्याला अर्ध्यातून उचलता येत नाही. त्यावर चांगला उपाय आहे. कर्नल.ऑर्गवर क्लोन.बंडल नावाची एकच मोठी फाइल मिळते. ती डब्ल्यूगेटला ‘-सी’ लावून उतरवायची, तुटलं तर तिथूनच पुढे. मग त्या बंडलवरून क्लोन करून शेवटचे बदल तेवढे नेटवरून ओढायचे. खालच्या संगणकावर डेबियन १२ होतं. त्याच्या भांडारातला गो कंपायलर सीझकॉलरसाठी जुना पडतो, तो गोच्या अधिकृत संकेतस्थळावरून घ्यावा. फ्लेक्स, बायसन, लिबएल्फ आणि ओपनएसएसएलची डेव्हलपमेंट पॅकेजेस, डीबूटस्ट्रॅप आणि आभासी मशीन चालवणारा क्यूईएमयू भांडारातूनच चालतात.

कर्नल बांधताना मेक डेफकॉन्फिग, मग मेक केव्हीएम_गेस्ट.कॉन्फिग, मग हातानं काही पर्याय चालू करायचे. केकोव्ह, डीबगएफएस, डीबग माहिती, कासान (मेमरीच्या चुका पकडणारा) आणि कासान-इनलाइन, कॉन्फिगएफएस, सिक्युरिटीएफएस हे ते पर्याय. रँडमाइझ-बेस मात्र बंद ठेवा. नाहीतर कर्नलचे पत्ते दर बूटला सरकतात आणि कव्हरेजची, म्हणजे कोडचा किती भाग गाठला त्या नोंदीची, जुळणी बिघडते. हे सगळं लिहून झालं की मेक ओल्डडेफकॉन्फिग चालवायचं आणि मग कॉन्फिग फाइल पुन्हा उघडून आपले पर्याय खरंच टिकले का ते पाहायचं. अवलंबित पर्याय नसेल तर आपला पर्याय गुपचूप बंद होतो, कुठलीही तक्रार न करता. डिस्कवर पंधरा-वीस जीबी मोकळी हवी. फाइल सिस्टिमवर काम करणार असाल तर आणखी एक गोष्ट: कर्नल ६.८ मध्ये ‘बीएलके-डेव्ह-राइट-माउंटेड’ असा पर्याय आला आहे, तो बंद ठेवा. तो चालू असला की फझर माउंट केलेल्या डिस्कवर मागच्या दारानं थेट लिहितो, आणि त्यातून निघणाऱ्या क्रॅशमध्ये कुणालाही रस नसतो, तो असूही नये.

आभासी मशीनची डिस्क बनवायला सीझकॉलरसोबतच क्रिएट-इमेज नावाची स्क्रिप्ट येते. ती डीबूटस्ट्रॅपनं लहानसं डेबियन उभं करते आणि एसएसएचची किल्लीही तयार करून देते. पहिलं बूट हातानं करून पाहाच. कन्सोल ‘टीटीवायएस०’वर, रूट ‘एसडीए’वर आणि नेट.आयएफनेम्स शून्य. हे शेवटचं विसरलं तर नेटवर्क कार्डाला भलतंच नाव मिळतं आणि एसएसएच लागत नाही. आत शिरल्यावर सिस-कर्नल-डीबगखाली केकोव्ह नावाची फाइल दिसली म्हणजे कर्नल नीट बांधला गेला. बूटला काही मिनिटं लागत असतील तर केव्हीएम, म्हणजे आभासी मशीनला प्रोसेसरची थेट मदत, चालू नाही असं समजा. बायोसमध्ये व्हर्च्युअलायझेशन बंद असतं, किंवा आपला युजर केव्हीएम गटात नसतो. कॉलेजच्या जुन्या मशीनवर बायोसला पासवर्ड असतो आणि तो ठाऊक असलेली व्यक्ती बदलून गेलेली असते. तो आधीच शोधून ठेवा.

मे महिना सुरू झाला तेव्हा सगळं तयार होतं, पण ७ मेला लातूर मतदारसंघाचं मतदान होतं. त्याआधीचे काही दिवस निम्मा स्टाफ निवडणुकीच्या ड्युटीवर आणि खोल्या प्रशासनाकडे. लॅब कुलपात. त्यानंतरच खरं काम सुरू झालं, आणि ते ऐन उन्हाळ्यात. पारा चाळिशीपार गेला की लॅबचं बंद दार आणि पूर्ण भारावरचे प्रोसेसर हे एकत्र चालत नाहीत. सेन्सर्स या आदेशानं तापमान बघत राहायचं. ते नव्वदीकडे गेलं की प्रोसेसर आपोआप वेग कमी करतो, आणि मग खोटे क्रॅश दिसू लागतात. आभासी मशीन इतकी हळू होते की कर्नलला वाटतं काम अडकलं, आणि ‘टास्क हंग’ किंवा ‘आरसीयू स्टॉल’ असा शेरा पडतो. थर्मल पेस्ट बदलली, कॅबिनेटमधली धूळ काढली, खिडकीतला कूलर मशीनपासून लांब नेला, कारण त्याची दमट हवा आणि धूळ दोन्ही थेट आत जात होती. दुपारी बारा ते पाच एक आभासी मशीन कमी चालवायचं ठरवलं. एवढ्यानं खोटे शेरे बरेच कमी झाले.

सीझकॉलरची कॉन्फिग फाइल छोटीच असते. लक्ष्य लिनक्स एएमडी६४, कामाची फोल्डर, कर्नलचा आणि इमेजचा पत्ता, किल्ली, आणि आभासी मशीनची संख्या. चार मशीन, प्रत्येकी दोन सीपीयू आणि २०४८ एमबी, हे आठ थ्रेडच्या संगणकाला पेलतं. चालू केल्यावर ब्राउझरमध्ये ५६७४१ पोर्टवर सगळं दिसतं. पहिले काही तास कव्हरेज झपाट्यानं वाढतं, मग आलेख सपाट होत जातो. हा काळ मनाची परीक्षा पाहणारा आहे. रोज सकाळी येऊन बघायचं आणि नवीन काही नाही. कारण साधं आहे. गूगलचा सिझबॉट २०१७ पासून हेच काम कितीतरी मशीनवर अखंड करतो आहे, आणि सगळ्या कर्नलवर एकदम मारा करून आपलं एक मशीन त्याच्या पुढे जाणार नाही. छोट्या लॅबनं एक अरुंद कोपरा निवडावा, हे आमचं ठाम मत झालं आहे. कमी वापरातली एखादी फाइल सिस्टिम, एखादा ड्रायव्हर, ज्याची वर्णनं अपुरी आहेत असा कॉलांचा संच. मे महिन्याच्या मध्यापासून आम्ही एका जुन्या फाइल सिस्टिमवरच थांबलो. एनेबल-सिसकॉल्समध्ये माउंट-इमेजचा कॉल आणि फाइलींवरची मोजकी कामं तेवढी ठेवली. तिच्या ज्या आयओकंट्रोल कॉलांची वर्णनं नव्हती ती सीझकॉलरच्या वर्णनभाषेत, सिझलँगमध्ये, लिहिली, मेक एक्स्ट्रॅक्टनं स्थिरांक काढले आणि मेक जनरेट चालवलं. एका स्ट्रक्चरमध्ये लांबीचं फील्ड नेमकं कुठल्या बफरचं आहे एवढं वर्णनात सांगितलं की फझर एकदम खोल जायला लागतो. आलेख पुन्हा चढला तेव्हा फार बरं वाटलं.

क्रॅशेसची फोल्डर भरायला लागली की आनंदानं घाई होते. ती टाळा. ‘टेस्ट मशीनशी संपर्क तुटला’ आणि ‘टेस्ट मशीनकडून काही आउटपुट नाही’ हे दोन शेरे सगळ्यात जास्त येतात आणि त्यांतून क्वचितच काही निघतं. अनेकदा खालच्या संगणकाची मेमरी संपून ओओएम किलरनं क्यूईएमयूलाच मारलेलं असतं. खालच्या डीमेसेजमध्ये ते लगेच दिसतं. वीज गेल्यावरही हेच शेरे. पावसाळ्याआधीच्या वादळात लातुरात वीज तासन्‌तास जाऊ शकते. फझरच्या मुख्य प्रोग्रॅमची, म्हणजे मॅनेजरची, सिस्टिमडी सर्व्हिस करून ठेवली की वीज आल्यावर तो आपोआप उठतो. कॉर्पस.डीबी या फाइलची रोज दुसऱ्या डिस्कवर प्रत काढा. आठवड्यांची सगळी कमाई त्या एका फाइलीत असते.

जूनच्या सुरुवातीला ज्याची वाट पाहत होतो तो शेरा आला. कासान: स्लॅब-यूज-आफ्टर-फ्री, वाचन. कासान दर आठ बाइटांमागे एक बाइट सावलीची मेमरी ठेवतो आणि प्रत्येक वाचन-लेखन तिच्याशी पडताळतो. सोडून दिलेली मेमरी तो लगेच पुन्हा वापरात देत नाही, काही काळ वेगळी अडवून ठेवतो. म्हणून उशिरा झालेला चुकीचा स्पर्शही पकडला जातो. अहवालात तीन स्टॅक असतात. चुकीचं वाचन कुठे झालं, ती मेमरी कुठे घेतली होती आणि कुठे सोडली होती. वाचायला सुरुवात तिसऱ्यापासून करा. वाचणारा बहुधा निर्दोष असतो. प्रश्न असतो तो इतक्या लवकर सोडलं कुणी आणि का. डीकोड-स्टॅकट्रेस या स्क्रिप्टमधून अहवाल काढला की पत्त्यांच्या जागी फाइल आणि ओळ क्रमांक येतात. आमच्या अहवालात माउंट अर्ध्यात फसल्यावर आवराआवर करणारा मार्ग दिसत होता, आणि दुसरीकडे एक विलंबित काम अजून त्याच वस्तूकडे बघत होतं.

हा अहवाल म्हणजे अजून पुरावा नव्हे. पुरावा म्हणजे रिप्रो, तोच क्रॅश पुन्हा घडवणारा प्रोग्रॅम. सीझकॉलर स्वतःच काही मशीन बाजूला काढून तो शोधतो. क्रॅशआधी चाललेले प्रोग्रॅम पुन्हा चालवतो, एकेक कॉल काढून बघतो, मग सीमध्ये उतरवतो. शर्यतीचा दोष, म्हणजे दोन कामांच्या वेळा नेमक्या जुळल्या तरच घडणारा, असेल तर यात तास जातात आणि कधी काहीच हाती लागत नाही. तेव्हा लॉग हाताशी घेऊन सिझ-एक्झेकप्रॉग चालवायचा, रिपीट शून्य म्हणजे न थांबता, प्रॉक्स वाढवून. आमच्या बाबतीत क्रॅश सुरुवातीला अधूनमधूनच होत होता. माउंटपूर्वी मेमरीवर ताण आणल्यावर तो काही मिनिटांत येऊ लागला. मग सिझ-प्रॉग२सीनं सी प्रोग्रॅम काढला आणि त्यातलं अनावश्यक हातानं छाटलं. शंभर-सव्वाशे ओळींचा, एका फाइलीतला, कुणीही कंपाइल करून चालवू शकेल असा प्रोग्रॅम तयार झाला तेव्हा कुठे रात्री शांत झोप लागली.

पुढे बायसेक्ट, म्हणजे दोष आणणारा नेमका बदल शोधणं. कर्नलच्या एका आवृत्तीत साधारण तेरा-चौदा हजार बदल असतात, आणि दर वेळी अर्धे करत गेलं तर चौदाएक बांधण्यांत दोषी बदल सापडायला हवा. शर्यतीच्या दोषात धोका हा की ‘क्रॅश झाला’ यावर विश्वास ठेवता येतो, ‘क्रॅश झाला नाही’ यावर ठेवता येत नाही. क्रॅश सरासरी पाच मिनिटांत येत असेल, तर निदान पाऊण तास काही न झाल्याशिवाय त्या बदलाला ‘चांगला’ म्हणू नका. एक चुकीचा ‘चांगला’ पडला की पुढची सगळी वाट चुकते. सीकॅशे लावा, बांधणीचा वेळ बराच वाचतो. जुनी आवृत्ती नव्या जीसीसीवर बांधत नसेल तर जुना जीसीसी वेगळ्या डीबूटस्ट्रॅपमध्ये ठेवा.

जुलैत अहवाल. पाठवण्याआधी तीन गोष्टी तपासल्या. सिझबॉटच्या डॅशबोर्डवर हाच दोष आधी नोंदलेला नाही ना, लोअर या कर्नलच्या मेलयाद्यांच्या संग्रहात त्या फंक्शनच्या नावानं कुणी आधीच पॅच (कोडमधली दुरुस्ती) पाठवलेला नाही ना, आणि सर्वांत ताज्या मुख्य आवृत्तीवर तो अजून घडतो ना. जुन्या कर्नलवरचा अहवाल कुणी बघत नाही, आणि ते योग्यच आहे. चौथा विचार सुरक्षेचा. साध्या युजरला हा दोष वापरून घुसता येत असेल तर तो उघड यादीवर न टाकता कर्नलच्या सुरक्षा गटाच्या पत्त्यावर जातो. आमच्याकडे माउंटसाठी रूटचे अधिकार लागत होते, म्हणून उघड यादी.

कुणाला पाठवायचं ते गेट-मेंटेनर स्क्रिप्ट सांगते. मेल निव्वळ टेक्स्टमध्येच हवा. एचटीएमएल आला की यादीचा सर्व्हर तो परत फेकतो, आणि ब्राउझरमधलं जीमेल ओळी मोडतं. गिट सेंड-ईमेल किंवा मट वापरा. जीमेलच्या खात्याला द्विस्तरीय पडताळणी लावून ॲप पासवर्ड घ्यावा लागतो. कॉलेजच्या फायरवॉलमधून पोर्ट ५८७ बंद होता. ते उघडण्याचा अर्ज केला आणि तोपर्यंत मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून पाठवलं. पत्रात पहिल्या दोन वाक्यांत काय घडतं ते, मग कमिटचा हॅश, कंपायलरची आवृत्ती, डीकोड केलेला अहवाल, रिप्रो, कॉन्फिग, बायसेक्टचा निकाल आणि आपल्याला वाटणारं कारण. ते कारण अंदाज असेल तर अंदाज म्हणूनच लिहायचं.

१४ जुलैला कर्नल ६.१० प्रसिद्ध झाला आणि आमचं पत्र १५ जुलैला गेलं. म्हणजे ६.११ ची मर्ज विंडो, नवे बदल स्वीकारण्याचा काळ, नुकतीच उघडली होती. या दोन आठवड्यांत कर्नलचा एकेक भाग सांभाळणारी मेंटेनर मंडळी गेल्या चक्रात जमलेलं काम वर पाठवण्यात बुडालेली असतात. उत्तर आलं नाही. आषाढी झाली, पाऊस लागला, मेलबॉक्स रिकामाच. मनात शंका येतात की लिहिण्यात काही उणं राहिलं का, त्यांना ते फालतू वाटलं का. कर्नलच्या मार्गदर्शिकेत स्पष्ट लिहिलं आहे की किमान आठवडा थांबा, मर्ज विंडोत त्याहून जास्त. २८ जुलैला ६.११-आरसी१ ही चाचणी आवृत्ती आली. त्यावर रिप्रो पुन्हा चालवला आणि त्याच धाग्यात दोन ओळींची आठवण पाठवली: आरसी१ वरही घडतं, हा नवा अहवाल.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात मेंटेनरचं उत्तर आलं. छोटं आणि नेमकं. त्यांना रिप्रो चालवता आला होता, सोबत चाचणीसाठी पॅच होता. तो लावला तर मूळ मार्ग बंद झाला, पण रिप्रो रात्रभर चालू ठेवल्यावर दुसऱ्या एका आवराआवरीच्या मार्गानं तोच दोष पुन्हा उगवला. तो अहवाल तसाच्या तसा परत पाठवला. उत्तर द्यायचं ते वरच्या बाजूला नाही, उद्धृत ओळींच्या खाली. तिथली तशी रीत आहे आणि ती पाळली की काम वेगानं चालतं. दुसऱ्या आवृत्तीत विलंबित काम आधी रद्द करून मगच मेमरी सोडली जात होती. ती दोन दिवस पूर्ण भारावर चालवली, क्रॅश नाही. मग ‘टेस्टेड-बाय’ची ओळ नाव आणि पत्त्यासह पाठवली. ही ओळ आपण स्वतः खरोखर चाचणी केलेल्या नेमक्या आवृत्तीलाच द्यायची असते. पॅचमध्ये ‘रिपोर्टेड-बाय’, दोषी बदलाकडे बोट दाखवणारी ‘फिक्सेस’ची ओळ आणि स्थिर शाखांना कळवणारी ‘सीसी स्टेबल’ची ओळ होती. पोळ्याच्या सुमारास तो मेंटेनरच्या शाखेत आणि तिथून आरसीत गेला. १५ सप्टेंबरला ६.११ प्रसिद्ध झाला तेव्हा दुरुस्ती त्यात होती.

रोख खर्च खरेदीचाच, सात हजारांच्या आत. वीज वेगळी, आणि तिचा हिशोब अर्जातल्या अंदाजाच्या जवळपासच निघाला. प्रकल्प संपल्याचं पत्र कार्यालयात द्यावं लागतं, त्याला डेड स्टॉकच्या पानाची झेरॉक्स जोडा. तसं केलं की पुढच्या परवानगीला तेच पत्र संदर्भ म्हणून चालतं.

१७ सप्टेंबरला मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाची सुट्टी असल्यामुळे लॅब मोकळी होती. ध्वजवंदनानंतर ६.११ बांधला, रिप्रो चालवून खात्री केली आणि जुना कॉर्पस नव्या कर्नलवर चढवला. कॉर्पस जुनाच असला तरी सीझकॉलर प्रत्येक प्रोग्रॅम नव्यानं चालवून पारखतो, त्यामुळे पहिले काही तास नवीन क्रॅश दिसला नाही तरी थांबवू नका. त्याच फाइल सिस्टिमचे कोटाशी संबंधित कॉल अजून वर्णनाविना आहेत. ती वर्णनं लिहायला घेतली आहेत.